बेपत्ता शौहर आणि इज्तिहाद

इज्तिहादचा विषय निघाला की आमच्या अमरावती-अकोल्याकडे लगेच विचारतात, "म्हणजे शरीअत बदलायची?" आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. ज्यांच्या बापाचा वर्षानुवर्षे पत्ता नाही अशी मुले आमच्या वर्गात बसतात. म्हणून आम्ही एकच उदाहरण देतो.

हनफी फिकहप्रमाणे बेपत्ता शौहरच्या बायकोला त्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत थांबावे लागे. जाच असह्य होऊन काही जणी निकाहातून सुटण्यासाठी मजहबच सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी किताबे पुन्हा उघडली आणि मालिकी मसलकातली चार वर्षांची मुदत हनफींसाठीही जायज ठरवली. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. शौहरची चार वर्षे खबर नसेल किंवा दोन वर्षे त्याने खर्च दिला नसेल, तर बाई कोर्टातून निकाह तोडू शकते.

जाणकार याला पूर्ण इज्तिहाद म्हणणार नाहीत. नसो. शरीअत जागेवरच राहिली आणि बाई सुटली, हे आम्हाला मोठे वाटते.

या कायद्याला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आमच्या मोहल्ल्यांत मात्र अशा बाईला अजून "सबर कर" एवढेच सांगतात. जुम्म्याच्या बयानात एकदा तरी हा कायदा सांगावा, एवढेच आमचे मागणे आहे.