कोरे वस्त्र

पवईच्या तलावाकाठी मुलाच्या बिऱ्हाडी आम्ही राहतो. गेल्या श्रावणात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा सामानाची यादी करण्याचे काम वयोमानाप्रमाणे मजकडे आले. बांबू, सुतळी, मडके असे लिहीत गेलो आणि वस्त्रापाशी लेखणी अडखळली. अखेर ‘कोरा मांजरपाट’ असे लिहून यादी नातवाच्या हाती दिली. तो म्हणाला, “आजोबा, ह्याला कफन म्हणतात ना? मराठीत शब्द नाही का?”

शब्द आहेत; परंतु शववस्त्र, प्रेतवस्त्र हे पोथीतच राहिले. घरात आपण मृत्यूचे नाव टाळतो, तसे त्याच्या वस्त्राचेही टाळतो. ‘कफन’ हा मूळचा अरबी शब्द. तो आपणांस परका वाटतो. पण त्याचीच लेक ‘कफनी’ थेट आपल्या देवघरापर्यंत आली आहे. जो जिवंतपणीच संसारास मेला, त्या फकिराने प्रेतवस्त्रच पांघरावे, हा त्यातील भाव. शिरडीच्या साईबाबांनी १९१८ साली देह ठेवला. त्यांची कफनी घरोघरच्या तसबिरींत आहे, आणि तिच्यातील कफन कोणास भीती घालीत नाही. इकडे विहार तलावापलीकडच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथे नांदलेल्या बौद्ध धर्मातही उकिरड्यावरच्या व स्मशानातल्या चिंध्या जोडून केलेल्या चीवरास ‘पांसुकूल’ म्हणत, आणि ते भिक्षूचे भूषण मानीत.

नातवास एवढे सांगून मी थांबलो. कारण पुढला शब्द ठाऊक असूनही सांगवेना. तो शब्द ‘मृतचैल’. चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, अशी आज्ञा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. आमच्या गावगाड्यातही प्रेतावरील वस्त्र हा महारांचा ‘हक्क’ म्हणून गणला जाई. वस्त्र तेच, एकाने आपखुशीने घेतले तेव्हा ते वैराग्य झाले, दुसऱ्यावर लादले तेव्हा विटंबना झाली. महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मणच होते, हेही आपल्या घरांतून सांगितले जावे.

माझे वडील वारले तेव्हा मी पोरवयाचा होतो. त्यांच्या अंगावरील वस्त्राचा एक पट्टा फाडून उपाध्यायांनी माझ्या खांद्यावर टाकला. उरलेले वस्त्र दूर उभ्या असलेल्या एका माणसाने उचलून नेले. तो पट्टा मी दहा दिवस जिवापाड जपला. पुढे सारा जन्म मुलांना शब्दांचे अर्थ शिकविण्यात गेला. पण त्या माणसाची आठवण मी कधी कोणापाशी काढली नाही.

त्या रात्री ती नातवापाशी काढली. त्याने ऐकून घेतले व विचारले, “त्यांचे नाव काय होते, आजोबा?”

“विचारले नव्हते,” मी म्हणालो.