तळाशी पडून असलेली शिंगी

टाकी बघायला आलेला माणूस आधी रंगीत माशांपुढे रेंगाळतो. मग शेजारच्या टाकीत लाकडाखाली पडलेल्या शिंगीकडे त्याचं लक्ष जातं आणि तो विचारतो, "मेली का काय हो ही?" पिंगळीत घरी येणारे हेच विचारतात. परभणीत ज्यांच्या टाक्या मी सांभाळतो, त्यांचे फोनही बहुतेक याचसाठी येतात. तिथं शिंगीच्या जागी सकर असतो, एवढाच फरक.

मेलेली नसते. दिवसा पडून राहायचं आणि अंधार पडला की निघायचं, हा या मिशाळ माशांचा रिवाजच आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तो किती? सगळी भिस्त मिशांवर. शिंगीला खवले नसतात आणि त्या उघड्या कातडीवरही चव कळणारे ठिपके पसरलेले असतात. म्हणजे अख्खं अंगच जीभ. रात्री मोठे दिवे घालवून, झिरोच्या दिव्याला लाल कागद गुंडाळून बघावं. बुडणारी गोळी टाकली की शिंगी सरळ तिच्याकडे जात नाही. आधी मिशा पुढं पसरतात, एखादी मिशी गोळीला घासून पुढं निघून जाते, अंग दोन बोटं पुढं सरकतं आणि मग ती अशी वळते की गोळी दिसेनाशीच होते. दिवसा वरवर तरंगणारं खाद्य टाकून "ही काही खातच नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा हे बघायला हवं.

पण पडून राहण्यातही प्रकार असतात, आणि या धंद्यात खरं शिकायचं असतं ते हेच. मी आधी कल्ल्यांची झाकणं बघतो. ती सावकाश, एका लयीत हलत असतील, मिशा सैल असतील, काचेवर हाताची सावली पडल्यावर एखादी मिशी हलली, तर तिला तिच्या जागी राहू द्यावं. झाकणं भराभर उघडमीट करतायत, मिशा गालाला चिकटल्यात, कातडीवर पांढुरकी साय धरलीय, तर काहीतरी बिनसलंय. मिशा झिजलेल्या दिसल्या तर तळाची खडी धारदार आहे का, तळाशी घाण साचलीय का, ते बघायचं. बारीक, गोल वाळू बरी.

मधूनच ती सरळ वर येते, हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. नवखा माणूस याला घाबरतो. शिंगीच्या कल्ल्यांपासून पाठीच्या कण्यालगत शेपटीकडं गेलेल्या हवेच्या दोन पिशव्या असतात. हवा घेणं हा तिचा रोजचा श्वास आहे. मी बघतो ते दोन फेऱ्यांमधलं अंतर. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच. त्यामुळं मे महिन्यात फेऱ्या वाढणारच. मात्र काचेला चिकटून राहणारा सकर सारखा वर येऊन तोंड उघडायला लागला, तर आधी फिल्टर चालू आहे का ते तपासा. बऱ्याचदा रात्री लाइट गेलेली असते आणि घरातल्या कुणाला पत्ता नसतो.

आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. अशा पाण्यात माशांच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया जास्त जहरी ठरतो. म्हणून मासा सुस्त दिसला की लोक औषधाच्या बाटलीकडं धावतात आणि मी पाणी तपासायला घेतो. बिनखवल्याच्या माशाला औषध बाधतंही लवकर. द्यायचंच तर अर्ध्या मात्रेनं सुरुवात करावी. आणि काडीनं डिवचून बघायची हौस असणाऱ्यांना एवढंच सांगणं, की शिंगीच्या छातीच्या पराला विषारी काटा असतो आणि तो लागला की हात तासन् तास ठणकतो.

सकर म्हणजे टाकी साफ करणारा कामगार, ही दुकानदारीतली थाप मला मुळीच आवडत नाही. तो शेवाळ खातो, पण घाणही तेवढीच करतो, हातभर वाढतो, आणि मग कंटाळलेले मालक त्याला नदीत नाहीतर तळ्यात सोडून देतात. उजनीतल्या मासेमारांना विचारा, त्यांच्या जाळ्यात हल्ली काय अडकतं ते.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडचा भूकंप परभणीपर्यंत जाणवला आणि गावात माझ्या माशांचा भाव वधारला. तुमच्या शिंगीला आधी कळलं होतं का, असं जो तो विचारायला लागला. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. जपानी लोककथेत भूकंप घडवतो तो जमिनीखालचा अजस्र मिशाळ मासाच. १९३२ साली हाताई आणि आबे या जपानी संशोधकांनी टेबलावर टिचक्या मारून असे मासे तपासले आणि भूकंपाच्या काही तास आधी ते जास्त दचकतात, असं नोंदवलं. या माशांच्या कातडीला पाण्यातली बारीकशी वीजही जाणवते, हे तर पक्कंच आहे. पण माझ्या टाकीतली शिंगी त्या सकाळी रात्रीची फेरी संपवून लाकडाखाली पडली होती, रोजच्यासारखीच. पूर्णेकडं जाणाऱ्या गाड्या पिंगळी स्टेशनातून धडधडत जातात तेव्हाही ती हलत नाही. एखाद्या दिवशी ती उसळली असती, तरी त्यावरून मी काही भाकीत केलं नसतं.

शेजारचे काका अजूनही येता-जाता विचारतात, "काय, आज काय म्हणतीय शिंगी?"

"पाणी बदला म्हणतीय, काका."