तोच घोटा, पुन्हा पुन्हा

चंदगड तालुक्यात चार गड आहेत: पारगड, कलानिधीगड, महिपाळगड आणि गंधर्वगड. आपली जमात पाच दिवस खुर्चीत बसते आणि शनिवारी थेट पारगडाच्या पायऱ्यांवर. त्यात पावसाळा असला तर शेवाळ. मग ग्रुपमधल्या कुणाचा तरी घोटा मुरगळतोच. गंमत म्हणजे पुढच्या ट्रेकलाही त्याचाच, आणि तोच!

कारण साधं आहे. सूज उतरते, दुखणं थांबतं आणि आपण 'बग क्लोज्ड' म्हणून मोकळे. प्रत्यक्षात ताणलेलं लिगामेंट अजून सैल असतं, भोवतीचे स्नायू कमजोर झालेले असतात आणि पाय वाकडा पडतोय ही खबर मेंदूला उशिरा पोचते. क्रेप बँडेज म्हणजे नुसता पॅच.

खरं काम कंटाळवाणं आहे. दात घासताना एका पायावर उभं राहा. जमलं की भिंतीजवळ, डोळे मिटून. पायरीच्या कडेवर टाचा हळूहळू वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर, मग एका. गड उतरताना मांड्या भरून येतात, त्यासाठी सावकाश बैठका. कोल्हापूरच्या तालमीत बैठकांवर एवढा जोर असतो, तो काही उगाच नाही. आठवड्यातून तीनदा, भार थोडा थोडा वाढवत, दोन-तीन महिने.

हो, मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी डॉक्टर आणि एक्स-रे.

'आता दुखत नाही' ही काही टेस्ट नव्हे. चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलता येते, तितक्याच वेळा दुखऱ्यावर आली की बॅग भरा. पारगड तोवर कुठे जात नाही.