सुट्या भागांचा संसार

तयार कपडे विकत घेणारा मनुष्य आणि कापड घेऊन शिंप्याकडे जाणारा मनुष्य यांपैकीं दुसरा अधिक सुखी असतो, असें कोणी म्हणणार नाहीं. पहिला दुकानांतून हंसत बाहेर पडतो. दुसऱ्याच्या वांट्यास अस्तराची चिंता, मापाचा घोळ आणि शिंप्याचे वायदे येतात. असें असूनहि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं आम्ही संगणकाच्या बाबतींत या दुसऱ्या पंथांत दाखल झालों. जुळवून ठेवलेले संगणक बाजारांत हवे तितके मिळत असतांना प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, पेटी तिसऱ्याच कोणाची, असा सुट्या भागांचा संसार थाटण्याची बुद्धि आम्हांस कां झाली, हें सांगावयाचें तर आमच्याजवळ सांठलें काय होतें तें आधीं सांगितलें पाहिजे.

आम्ही जव्हारच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. शेक्सपीअरमधून जो वेळ उरला, त्यांत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आम्हीं या डोंगरांतील पुष्कळ गोष्टींचीं छायाचित्रें व चलच्चित्रें घेतलीं. मोखाड्याचा बोहाडा हा त्यांतला मोठा भाग. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगें संबळ-सनईच्या तालावर रात्र जागवितात, आणि तें टिपणाराहि आपोआप जागा राहतो. दुसरा भाग लग्नचौकांचा. वारली घरांत लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, त्यांत पालघट देवी बसते, आणि धवलेरी गाणीं म्हणून लग्न लावते. लग्न लावणारी स्त्री ही आमच्या पांढरपेशा वाचकांस नवलाची गोष्ट वाटेल; येथें ती नवलाची नाहीं.

अशाच एका धवलेरीचीं गाणीं आम्हीं तीन वर्षांमागें टिपलीं होतीं. ती आतां हयात नाहीं. भिंतीवरचा चौक धुरानें आणि पावसानें पुसला गेला, आणि तिच्या आवाजाची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. तिचा नातू आमच्या वर्गांत बसतो. त्यास दाखवावें म्हणून आमच्या जुन्या लॅपटॉपवर तें चित्रण लावलें, तों गाणें पुढें आणि चित्र मागें अशी गत झाली. आम्हांस वाटलें, मुलगा त्याबद्दल कांहीं बोलेल. तो निराळेंच बोलला. "सर, हा गेरू आमच्या घरचा नाय. हा विटेसारखा दिसतो."

आमची यादी खरें म्हणजे या वाक्यानें ठरली.

मोखाड्याहून त्र्यंबकेश्वर फार दूर नाहीं. तेथें १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९१२ सालीं लंडनला जाऊन आले, तेव्हां त्यांनींहि यंत्रांची निवडच केली होती. विल्यमसनचा कॅमेरा आला, आणि त्याबरोबर फितीस भोंकें पाडण्याचें यंत्रहि आलें. कारण त्या काळीं कोरी फीत भोंकांवांचून मिळे. हीं भोंकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई दादरच्या घरीं अंधारांत बसून करीत. कुंडींतलें वाटाण्याचें रोप वाढतांना टिपून फाळक्यांनीं भांडवलवाल्यांची खात्री पटविली, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला. त्यांच्या हिंमतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस मात्र पुढची हकीकत अधिक बोंचते. चार रिळांचा तो चित्रपट आज सबंध उरलेला नाहीं. आणि २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत आपल्याकडील जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळून गेला. फीत घेणाऱ्यानें तिच्यासाठीं बायकोचे दागिने गहाण टाकले होते, आणि ती ठेवण्याची तजवीज मात्र पुढें कित्येक वर्षें कोणीं केली नाहीं.

अशा विचारांत आम्ही मुंबईस लॅमिंग्टन रोडवर गेलों. (रस्त्यास डॉ. भडकमकर मार्ग हें नांव आहे. पण तेथें जाणारा कोणीहि तें घेत नाहीं.) दुकानांतल्या तरुणानें पांच मिनिटांत यादी लिहून दिली. तींत निम्म्याहून अधिक पैसा एकट्या ग्राफिक्स कार्डावर पडला होता, पेटी कांचेची होती, आणि आंत सप्तरंगी दिव्यांचे सहा पंखे. "ही रोषणाई कशाला?" असें आम्हीं विचारलें. "काका, आजकाल सगळे हेच घेतात," तो म्हणाला. सगळे घेतात तें घ्यावयाचें होतें, तर आम्ही जव्हारहून एवढ्या लांब कशाला आलों असतों?

येथें थोडा हिशेब सांगणें भाग आहे. आमच्या कॅमेऱ्याची एक चौकट म्हणजे ३,८४० गुणिले २,१६० ठिपके, म्हणजे जवळजवळ ८३ लक्ष. आणि अशा चौकटी सेकंदास २५. कॅमेरा त्या दाबून, घडी घालून, सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें लिहितो. तासाचे झाले ४५ जीबी, आणि बोहाड्याच्या सहा तासांचे २७०. संपादन करतांना ही घडी क्षणोक्षणीं उलगडावी लागते. तें काम प्रोसेसरनें नुसत्या अंगबळावर करावयाचें म्हटलें कीं तो धापा टाकूं लागतो. म्हणून कित्येक प्रोसेसरांत त्यासाठीं निराळी सोय केलेली असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं 'एफ्' लागतो त्यांत अंगचें ग्राफिक्स नसतें, आणि त्याबरोबर ही सोयहि जाते. ग्राफिक्स कार्डांतहि ती असते, परंतु आमच्या कॅमेऱ्याचा दहा बिटांचा प्रकार सर्वच कार्डांस उलगडत नाहीं. दुकानदारानें थोडे पैसे वांचतात म्हणून 'एफ्' सुचविला होता. तो आम्हीं नाकारला, आणि तेव्हांपासून त्याचें आम्हांस 'काका' म्हणणें बंद होऊन 'सर' सुरू झालें.

कार्ड मुळींच नको असें मात्र नव्हतें. बोहाड्याचें चित्रण रात्रीचें. अंधारांत कॅमेऱ्याची संवेदना वाढविली कीं चित्रावर वाळू फेंकल्यासारखे दाणे येतात, आणि ते काढण्याचें कष्टाचें गणित कार्डच करतें. बारा जीबी स्मृतीचें मध्यम कार्ड त्यास पुरेसें आहे. रॅम ३२ जीबी, ती सोळाच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या म्हणजे ये-जा दोन वाटांनीं होते. या पट्ट्यांनीं मात्र आमचा अंदाज पार मोडला. २०२५ च्या दिवाळीनंतर त्यांचे भाव भडकले; कृत्रिम बुद्धीच्या अवाढव्य संगणकगृहांकडे कारखानदारांनीं आपला माल वळविला होता. कोठें तीं संगणकगृहें आणि कोठें जव्हारचा प्राध्यापक! पण दोघेहि एकाच गिरणीचे गिऱ्हाईक निघाले.

कांचेची पेटी आणि महाग कार्ड यांतून जें वांचलें तें आम्हीं मॉनिटरवर घातलें, आणि याबद्दल आम्ही कोणाशींहि वाद घालावयास तयार आहों. बाकीच्या भागांनीं काम लवकर होतें. बरोबर झालें कीं नाहीं हें सांगणारा भाग एकच. साधारण पडदा लाल रंग भडक करून दाखवितो, कारण दुकानांत तो भडकपणा खपतो. आम्हीं सत्तावीस इंची, आय. पी. एस्. जातीचा, १९९६ सालीं ठरलेलें एस्. आर. जी. बी. हें रंगमान पुरतेपणीं पाळणारा पडदा घेतला, आणि एका छायाचित्रकार मित्राकडून रंग मोजण्याचें उपकरण उसनें आणलें. तें पडद्यावर जळूसारखें चिकटवितात. संगणक एकेक रंग दाखवितो आणि उपकरण त्याची चूक मोजतें.

राहिली वीज. पावसाळ्यांत आमच्याकडे ती जाते याचें दुःख नाहीं. जातांना आणि येतांना ती जो झटका देते तो वाईट. अर्ध्यावर लिहिली जाणारी फाइल त्यांत मरते. म्हणून एसएमपीएस चांगल्या प्रतीचा ६५० वॉटचा घेतला, आणि यूपीएस शुद्ध लाटेचा, कारण स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड लाटेशीं नव्या एसएमपीएसचें नेहमीं जमतेंच असें नाहीं. वायरमननें परसांत खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवें अर्थिंग करून दिलें. या खड्ड्याचा खर्च दुकानदाराच्या यादींत अर्थातच नव्हता. कामासाठीं एक टीबीची एसएसडी, आणि ठेवणीसाठीं चार टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क. ठेवणीसहि एसएसडीच घ्या, असा आग्रह झाला. परंतु विजेवांचून दीर्घकाळ पडून राहिलेली एसएसडी आपलें लिहिलेलें विसरूं शकते, आणि आम्हांस तर कपाटांत ठेवावयाचें होतें.

सर्व कांहीं जोडून न्या, असें दुकानदार म्हणाला. पण जोडलेल्या पेटींत तें वजनदार कार्ड एका खांचेवर लोंबत असतें, आणि जव्हारच्या घाटांत एस्. टी. काय करते हें त्यास ठाऊक नव्हतें. सगळे भाग आपापल्या खोक्यांत, मॉनिटर मांडीवर, असे आम्ही घरीं आलों. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस जुळणी चालली. मदतीस तो धवलेरीचा नातू होता. त्याचीं बोटें आमच्यापेक्षां स्थिर. प्रोसेसर बसवितांना आम्ही श्वास रोखून नुसते पाहत होतों. "इतक्या खोक्यांतून एकच वस्तु निघायची होती होय?" एवढेंच सौभाग्यवती म्हणाल्या, आणि आमचीं ताटें ओट्यावर वाढलीं.

पडदा मोजून झाल्यावर मुलानें खिशांतून कागदाची पुडी काढली. तींत त्याच्या घराच्या भिंतीचा पोपडा होता. तो खिडकीच्या उजेडांत धरून, एकदां त्याकडे आणि एकदां पडद्याकडे पाहत, आम्हीं रंग किंचित् काळवंडत आणला. "अजून. अजून थोडा," असें तो म्हणत राहिला, मग म्हणायचा थांबला. नंतर चाळीस मिनिटें तो कानाला यंत्र लावून आजीचीं गाणीं ऐकत बसला, आणि त्या सबंध वेळांत चित्र एकदांहि अडखळलें नाहीं.

एक डिस्क आमच्या कपाटांत आहे, दुसरी नाशकास मुलीकडे. मुलास मोबाइलवर चालेल अशी लहान प्रत निराळी काढून दिली, ती त्यास लगेच हवी होती. त्याच्या चुलतबहिणीचें लग्न जवळ आलें आहे, आणि नव्या धवलेरीला त्यांतलीं दोन गाणीं पुरीं येत नाहींत, असें तो सांगत होता.