जाहिरातीचे दिवस, हळदीचे महिने

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५ (रथसप्तमी)

संक्रांतीचं हळदीकुंकू आज आटोपलं. काकूनं यंदा वाण म्हणून आमच्याच हळदीच्या पुड्या लुटल्या, त्यामुळे वडनेरात आमची हळद माहीत नाही असं घर आता क्वचितच. पण गावात हळद विकत घेणार कोण? ज्याच्या घरची नाही, त्याच्या मेहुण्याच्या वावरातली असते. गिऱ्हाईक बाहेर शोधायचं, म्हणून फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करून पाहायची, असं दादाचं आणि माझं ठरलं. एकूण रक्कम कर सोडून ६,००० रुपये, त्यावर एक पैसा नाही.

काकू म्हणाली, “इतके पैसे त्या मोबाईलले कायले द्याचे?”

“पाहू तं दे, माय,” दादा म्हणाला.

आधी हिशेब मांडला. अर्ध्या किलोचं पाकीट २४० रुपयांना. हळकुंड, दळण, घट, पाकीट जाऊन ९० रुपये उरतात, टपालखर्च गिऱ्हाईकाचा. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आमचा जीएसटी क्रमांक नसल्यामुळे तो परत मिळत नाही. म्हणजे पडद्यावर एका ऑर्डरीमागे ७६ रुपये खर्च दिसला की आमचे ९० संपले. ७६ हा आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर मोठा करून लिहिला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादानं मजकूर लिहून आणला. त्यात मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं करून टाकलं होतं. अशा दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानं बंदी आहे, आणि आम्ही विकतो ते खाण्याचं पीठ आहे, औषध नव्हे. सगळं खोडलं.

दुसरी अडचण नावाची. हळद काकूच्या माहेरची, समुद्रपूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं आहे. पण ते नाव लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ती होईपर्यंत ‘समुद्रपूर तालुक्यातली हळद’ एवढंच म्हणायचं. खरं तेवढंच छापायचं म्हटलं की मजकूर आपोआप लहान होतो.

जाहिराती दोन. एकीत पाकिटाचा स्वच्छ फोटो. दुसरीत काकू हळकुंड अडकित्त्यात धरून फोडते तो दहा सेकंदांचा व्हिडिओ: वरची करडी साल, कट्‌कन आवाज, आतला जवळजवळ नारिंगी गाभा आणि तिच्या नखांच्या कडांना बसलेला, साबणानं न जाणारा पिवळा रंग. बाकी मजकूर, किंमत, गाव सगळं सारखं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कधीच कळत नाही.

एकीखाली ‘पाकीट’ लिहून पाठवा, दुसरीखाली ‘हळकुंड’. जाहिरात फॉरवर्ड होऊन कुठूनही आली तरी मूळ कोणतं ते समजेल. हे काही नवं नाही. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकी जाहिरातकारानं १९२३ च्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात हाच मार्ग सांगितला आहे: कुपनावर खूण ठेवा आणि आलेली कुपनं मोजा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उद्यापासून चालू. कुणाला दाखवायची यावर वाद झाला. दादाला वडनेरभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ हवं होतं, कारण हिंगणघाटला पाकीट तो स्वतः नेऊन देऊ शकतो. पण त्या पर्यायात फक्त तिथं राहणारेच येतात असं नाही, नुकते तिथून गेलेलेही येतात. आणि आमचं गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. दारोड्याच्या टोलवरून रात्रंदिवस जाणारा नागपूर-हैदराबादचा ट्रकवाला आणि बसमध्ये मोबाईल चाळत बसलेला प्रवासी दोघंही त्या हिशेबात ‘इथले’. त्यातला एखादा आदिलाबादचा निघाला आणि त्यानं ऑर्डर दिली तरी आम्हाला ती घेता येणार नाही: राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. राज्यातल्या राज्यात ४० लाखांपर्यंत सूट आहे.

ठरलं असं की चित्रांची परीक्षा नागपूर शहरात, दोन्हींवर रोज शंभर-शंभर. वर्तुळ की शहर ही परीक्षा नंतर वेगळी.

रविवार, १६ फेब्रुवारी

मोबाईल टुणटुण करतो. बहुतेक मेसेज हुबेहूब एकच, कारण बटण दाबलं की ते वाक्य आयतं जातं: अधिक माहिती मिळेल का? किंमत सांगितली की समोरचा गप्प. काही जण ‘पाहून सांगतो’ म्हणतात. आपल्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

ऑर्डरी: पाकीट तीन, हळकुंड पाच. दादा म्हणाला, “झालं तं मग! पाकीट बंद कर, सगळा पैसा हळकुंडावर टाक.” मी नाणं काढलं. आठ वेळा उडवलं तर चार छापा, चार काटा असं बरोबर पडण्याची शक्यता शंभरात सत्तावीस. उरलेल्या त्र्याहत्तर वेळा पारडं पाच-तीन किंवा त्याहून जास्त झुकतं, आणि नाण्यात खोट काहीच नसते. पाच-तीन हा निकाल नव्हे. ठरलेले पैसे संपेपर्यंत हात लावायचा नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी (महाशिवरात्र)

चित्रांचे पैसे आज संपले. दोन्हींवर १,५०० रुपये. पाकिटाचा एक मेसेज ९ रुपयांना पडला, हळकुंडाचा १४ ला. पडद्यावर पाहिलं तर पाकीट जिंकलं. ऑर्डरी मात्र पाकिटाच्या १४, हळकुंडाच्या १२; दहा दिवसांपूर्वीचं पारडं उलटलं आणि फरक तरीही नाण्याइतकाच. म्हणजे विक्रीत दोन्ही सारख्या. पण पाकिटाच्या १४ ऑर्डरींसाठी एकशे साठावर लोकांशी बोलावं लागलं, हळकुंडाच्या १२ साठी शंभराच्या आसपास. उत्तरं देण्याची मजुरी कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. ती रात्री अकरापर्यंत मी करते. हळकुंड ठेवलं.

दादानं रास्त प्रश्न काढला: ही यंत्रणा शिकते म्हणतात, तर घेणारी माणसं ती का शोधत नाही? शिकायला तिला आठवड्याला साधारण पन्नास घटना लागतात. मेसेज ही घटना धरली तर रोजच्या शंभर रुपयांत आठवड्याला पन्नास मेसेज होतात, आणि मग ती शिकते मेसेज करणारी माणसं शोधायला. सांगितलं तेच तिनं केलं. ऑर्डर ही घटना धरायची तर आठवड्याचाच खर्च आमच्या सगळ्या रकमेजवळ जाईल. शिवाय आमच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आणि फोनवर ठरतात, त्या तिला कळणार कशा? लहान दुकानदाराला शिकणं स्वतःच्या वहीतच करावं लागतं.

रविवार, ९ मार्च

जागेची परीक्षा काल संपली. हळकुंडाचाच व्हिडिओ, दोन्हीकडे १,५०० रुपये. वडनेरचं वर्तुळ: मेसेज ५ रुपयांना, म्हणजे आजवरचे सर्वांत स्वस्त, आणि ऑर्डर एक. नागपूर आणि पुणे शहर: मेसेज तिप्पट महाग, ऑर्डरी सतरा. एक आणि सतरा. इथं नाणं काढायची गरज नाही.

वर्तुळातले मेसेज वाचण्यासारखे होते. “आमच्या घरीच हाय जी, तुमाले पायजे का?” असं एकानं उलट आम्हालाच विचारलं.

मात्र सतरा ऑर्डरींनीही पोट भरत नाही. प्रत्येकीमागे ८८ रुपये, कर धरून १०४. उरतात ९०. म्हणजे पहिल्या पाकिटावर १४ रुपये घरचे गेले. तेच गिऱ्हाईक परत आलं तरच ते निघतील. पण अर्धा किलो हळद चौघांच्या घरात महिनोन्‌महिने पुरते. ते परत येतं की नाही, हे दिवाळीच्या आधी कळणार नाही. जाहिरातीचा पडदा रोज सकाळी निकाल दाखवतो. हळदीचा निकाल हळदीच्या चालीनं येतो.

शनिवार, १५ मार्च

काल धुळवड, आज दुकान मंद. सगळे मेसेज बसून पुन्हा वाचले, या वेळी न मोजता. दोन गोष्टी वारंवार आल्या. एक, ‘रंग तर नाही ना घातलेला?’ प्रश्न खोटा नाही. हळदीच्या पुडीत मेटानिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं लोकांनी वाचलेली आहेत. पुडीकडे पाहून शुद्धता सिद्ध करता येत नाही. दुसरी, पुण्याच्या एका बाईंचा मेसेज: वर्षाची हळद भरायची आहे, दोन किलो अख्खी हळकुंडं पाठवाल का, दळून मी इथं घेईन. असंच आणखी काहींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलं होतं आणि आम्ही ‘सध्या पूडच आहे’ असं उत्तर देऊन पुढं गेलो होतो.

काकू नवी हळद उकडून आली होती. तिला दाखवलं. “मंग? उन्हाळ्यात तिखट-हळद वर्साचीच भरतेत नं लोकं,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रविवार, ३० मार्च (गुढीपाडवा)

पुढची परीक्षा ठरली, रक्कमही नवी. दोन किलो अख्खी हळकुंडं, ‘वर्षाची हळद’. दळण नाही, पाकिटांचा खर्च कमी. एका ऑर्डरीमागे ३०० रुपये उरतात. पुणे आणि नागपूर, हळकुंड फोडण्याचाच व्हिडिओ, एप्रिलच्या मध्यापासून ३,००० रुपये, कर धरून ३,५४०. बारा ऑर्डरी आल्या तर जाहिरात आपला खर्च आपण काढते. बाराच्या आत राहिली तर मे महिन्यात काही घालायचं नाही, मग मेसेज कितीही स्वस्त दिसोत. हे आजच लिहून खाली दोघांनी सही केली, कारण आकडे हलायला लागले की थांबायची रेघ पुढं सरकवावीशी वाटते.

अर्ध्या किलोवाल्यांना काही विकायचं नाही. दिवाळीच्या आधी एक मेसेज, तोवर गप्प.

श्रीखंड वाढताना काकूनं विचारलं, “आन् तेरावी आली तं?”

तेराव्या ऑर्डरीपासूनचे पैसे जूनच्या बेण्याला. तेही वहीत लिहिलं, तिच्याच सहीनं.