एका बाराची बंदूक

पुतण्याचा निरोप आला. "काका, एखादी स्वस्तातली ठासणीची रायफल बघून ठेवा. गावी आलो की पहिली शिकार तिच्यावरच करतो." तो मुंबईत वाढला, बंदूक त्याने पडद्यावरच पाहिलेली. फोनवर सांगायला घेतले, पण एकातून दुसरे निघत गेले, म्हणून वही काढली. त्याच्यासाठी लिहितोय, आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून मुंबईला गेलेल्या त्याच्या वयाच्या सगळ्या पोरांसाठी.

*

बाळा, आधी 'शिकार' हा शब्द खाली ठेव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकारीला बंदी आहे. हौसेच्या शिकारीला पूर्वी परवाने मिळत, तेही १९९१च्या दुरुस्तीने संपले. कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. जीव घेणे तर आलेच, पण फासकी लावणे, आमिष ठेवणे, जनावर हाकणे, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे तिच्यात बसते. म्हणजे आपल्या पणजोबांच्या वेळचा हाका, एका अंगाने रान उठवायचे आणि दुसऱ्या अंगाला बंदूकवाला बसवायचा, तो बार उडायच्या आधीच गुन्हा ठरतो. हौसेसाठी भेकर, ससा, साळिंदर, कशालाही सूट नाही.

*

मग ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायची, बंदूक अजून घराघरांत कशी? त्याचे उत्तर १९५९च्या शस्त्र कायद्यात, कलम १३मध्ये आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, असा तिचा वेगळा उल्लेख तिथे केला आहे. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पहिला मान ठासणीच्या बंदुकीला. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना शेत कळत होते असे मला वाटते. एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत डुकरांचा कळप ओढ्यापार जातो. राखणदाराला तेवढे पुरते, त्याला कळप जायलाच हवा असतो.

*

तू रायफल म्हणालास. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. गोळी त्यातून गिरकी घेत निघते, म्हणून लांबवर सरळ जाते. राखणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिचा जोर जवळचाच. ठासणीची रायफलही जगात होती. १८५७ साली ज्या एन्फिल्डच्या काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, ती आट्यांची होती आणि तोंडाकडूनच भरावी लागे. त्या उठावानंतर, १८७८ साली, लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला आणि हत्यार ठेवायला परवाना लागू लागला. कोडगूच्या कोडवांना इंग्रजी अमलापासूनची सूट आजही आहे. आपल्याला नाही. आपल्याला अलिबाग, जिल्हाधिकारी, पोलीस चौकशी आणि वाट बघणे.

*

आजोबांची बंदूक पडवीत असायची. नळीखालच्या कड्यांत गज. भरताना ते कोणाशी बोलत नसत. मोजून दारू, चिंधीचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासणे, आणि अगदी शेवटी, शेतातल्या माळ्यावर बसल्यावर, बंदुकीच्या कानावर केप. आम्ही पोरे लांबून बघायचो. ठासून भरणे, ठासून सांगणे, फुसका बार: हे शब्द शाळेच्या पुस्तकात भेटले तेव्हा मला त्यांचा वास येत होता.

*

केपेची एक गोष्ट. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर ठिणगी पडे, धूर उठे, आणि तेवढ्यात पाखरे उडून जात. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या धर्मोपदेशकाला पाखरांच्या शिकारीचा नाद होता. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याने बार उडवायची युक्ती त्याने काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तांब्याच्या टोपीत, म्हणजे आपल्या केपेत, ते द्रव्य बसवले गेले ते त्यानंतर. पावसातही बार उडू लागला. आपल्या मुलखाला हे किती मोलाचे, ते सावित्रीच्या खोऱ्यातला आषाढ पाहिलेल्याला सांगायला नको.

*

आता स्वस्ताचे. परवान्याच्या बंदुकांत ठासणीची मुळातच सगळ्यांत कमी किमतीची. मुंगेर, जम्मू इथल्या परवानाधारक कारखान्यांत अशा बंदुका बनत आल्या आहेत. त्याहून स्वस्त कोणी दाखवली तर ती बिनक्रमांकाची असेल, आणि तिच्याकडे बघायलाही थांबू नकोस. तिची नळी कोणी तपासलेली नसते, फुटते तेव्हा डोळ्याशी फुटते. आणि विनापरवाना बंदूक बनवणे-विकणे याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

दुकानात गेलास की हे बघ:

नळीवरचा क्रमांक आणि चाचणीचा शिक्का स्पष्ट हवा, परवान्याशी जुळणारा.

बॅटरीच्या उजेडात नळी आतून बघ. गंजाचे खड्डे, बाक, पोचा असेल तर परत दे.

कान सैल नको. केप त्याच्यावर घट्ट बसली पाहिजे.

घोडा अर्ध्या चापावर ठाम थांबला पाहिजे. हाताने दाबून खाली येत असेल तर ती बंदूक कितीही कमी किमतीची असो, महागच.

खांद्याला लाव. दस्ता लांब वाटला तर अंधारात नेम चुकेल. खांद्याला बसते ती घे, मग ती दिसायला कशीही असो.

*

घरातली जुनी मिळत असेल तर? शस्त्र नियम, २०१६ यांत वारसाची सोय आहे. परवानाधारक वारला, सत्तरीला पोचला, किंवा त्याच्याकडे शस्त्र येऊन पंचवीस वर्षे झाली, तर वारसाला अर्ज करता येतो. तुझे वय एकवीस पूर्ण हवे, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. सातबारा तर लागणारच, शेत नसेल तर राखण कशाची? पण आजोबांची आठवण म्हणून गंजकी नळी वापरात आणू नकोस. आठवणीची बंदूक वेगळी आणि बाराची वेगळी.

*

भरलेली आहे की रिकामी? सगळे अपघात या एका प्रश्नाभोवती फिरतात. १८६३ साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. जवळजवळ चोवीस हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. गोंधळात शिपायांना बार उडाला की नाही हेच कळले नव्हते. आजोबांच्या गजावर खाचा होत्या. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, भरलेल्या नळीत कुठवर, हे बोटाने कळे, अंधारातही.

आणि केप वाजली पण बार उडाला नाही, तर बंदूक तशीच धरून ठेव, नळी रिकाम्या दिशेला. निदान मिनिटभर. दमट दारू उशिरा पेट घेते.

*

बार उडवल्यावर त्याच रात्री नळी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेलाचा बोळा फिरवायचा. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते. आपल्या हवेत एक रात्र चुकली की सकाळी नळीत तांबूस पूड दिसते.

*

माणसे गेली, जमीन पडीक पडली, हे डुकरांच्या त्रासाचे मूळ. वरकसावर नाचणी-वरी होत होती तोवर डोंगराच्या अंगाला माणसांचा वावर होता. २०२१च्या जुलैत तळियेला आणि केवनाळ्याला दरडी आल्या, त्यानंतर आमच्या वाडीतल्या दोन घरांनी वरची जमीन सोडली. तिथे आता पुरुषभर रान आहे. दिवसा कळप त्यात झोपतो आणि रात्री खाली माझ्या भातात येतो. डुक्कर आपल्याकडे चालून आले असे लोक म्हणतात. मला वाटते, आपणच त्याला ओसरीपर्यंत जागा करून दिली.

*

ऑक्टोबरात भात पिवळे पडते. विधानसभेची मतदाने बघ: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि ऐन राखणीच्या दिवसांत शेतकऱ्याचे हात रिकामे होतात. गुन्हा नाही, भांडण नाही, अशा राखणीच्या परवान्याचा विचार वेगळा व्हावा, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक प्रकरण तपासायला समिती असते. तिच्याकडे वेळेत अर्ज द्यायला शीक.

*

रानडुक्कर मारायलाही परवानगी लागते. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ते अनुसूची २मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११खाली अधिकृत वनअधिकाऱ्याने लेखी परवानगी द्यायची. मारलेले जनावर सरकारचे, वाटे घालायचे नाहीत. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना, हा गैरसमज गावोगाव आहे. हे दोन कागद वेगळे.

*

बंदूकच नको असे म्हणणाऱ्यांना मी फासकी दाखवतो. कुंपणातली तार कोण येतो ते बघत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून तडफडतो. विजेच्या तारेने गुरे जातात, माणसे जातात. माळ्यावर बसलेला माणूस निदान बघतो. पिल्ले बरोबर आहेत का, पलीकडे कोणाचे घर आहे का, हलतेय ते डुक्कर आहे की आपल्यातलाच कोणी. अंधारात खसफस झाली म्हणून बार काढला आणि सोबती गेला, अशा घटना कोकणाने फार पाहिल्या. दिसल्याशिवाय बोट चापावर जायचे नाही.

*

आजोबा किती डुकरे मारली हे कधी सांगत नसत. मला आठवतो तो त्यांचा बिनछऱ्यांचा बार. नुसती दारू आणि बोळा. मध्यरात्री आवाज डोंगरावर आपटून परत यायचा, खालच्या वाडीतून कोणीतरी हाळी द्यायचा, वरून दुसरा. तीन-चार शेतांची माणसे जागी आहेत हे एकमेकांना कळायचे. पुढच्या दोन रात्री कळप फिरकत नसे.

त्या हाळ्या आता ऐकू येत नाहीत. राखणीची बंदूक एकट्या माणसाच्या हातात फार काही करत नाही.

*

म्हणून तुला एवढेच सांगतो. बंदूक बघून ठेवत नाही. आधी आठ रात्री माझ्याबरोबर माळ्यावर बस. कळप कुठून उतरतो, वारा कुठला, कोणाचे घर कुठे, हे डोक्यात बसू दे. मग आपण दोघे मिळून अर्ज लिहू.

नाचणी निसवली आहे. येताना चांगली बॅटरी आण.