शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर

कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे ऐकून परक्या माणसाला वाटावे, ही कुस्त्यांची जाहिरात आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम! राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने या शहरात कुस्ती रुजली, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी चेंडूला पाय लावला आणि पेठापेठांतील ईर्षा आखाड्यातून हिरवळीवर आली. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला, की दुपारनंतर रस्त्यावरच्या माणसांची पावले आपोआप एकाच दिशेने वळतात.

आमचे दोन्ही मुलगे याच मैदानावर महाविद्यालयाकडून खेळले, त्याला तीस वर्षे होत आली. आता आम्ही पुण्यात असतो. दीड वर्षापूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली, आणि बरे वाटू लागताच यांनी पहिली मागणी केली ती कोल्हापूरच्या सामन्याची. देवदर्शनाला जायचे म्हटले असते तर घरात कोणी हरकत घेतली नसती; फुटबॉल म्हणताच सगळ्यांचे चेहरे पडले.

ही काळजी अगदीच निराधार नव्हती. २००६ साली जर्मनीत विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील वैद्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या २.६६ पट आढळले. आधीपासून हृदयरोग असलेल्यांत हे प्रमाण त्याहूनही अधिक होते. आमच्या डॉक्टरांनी यांना तपासले, चालण्याची चाचणी घेतली आणि परवानगी दिली, ती अटींसह. सकाळच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, उन्हात बसायचे नाही, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात हवी, आणि छातीत दडपण वाटले तर सामना संपण्याची वाट पाहायची नाही. प्रत्येकाच्या अटी निराळ्या असतील, त्या ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्याव्यात.

मी माझी एक अट जोडली. चेंडू जाळ्याकडे गेला की सारे प्रेक्षक ताडकन उठतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्यांच्याबरोबर उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून बाजूच्या खालच्या पायरीवर, कठड्याला धरून बसायचे. घडी घालून नेलेली सतरंजी फार कामी आली. सिमेंटच्या पायरीवर म्हाताऱ्या कंबरेला तासभर बसवणे म्हणजे शिक्षाच.

त्या पायऱ्यांवरून मी एकदा असा सामना पाहिला आहे, की ज्यात कोणाच्या बाजूने ओरडावे हे मला कळेना. शिवाजी विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. थोरला एका महाविद्यालयाकडून पुढे खेळत होता, धाकटा दुसऱ्याच्या गोलात उभा. उत्तरार्धात थोरल्याने डाव्या पायाने मारलेला चेंडू धाकट्याच्या बोटांना लागून आत गेला. एका बाजूचे प्रेक्षक नाचू लागले. धाकटा तसाच मातीत पालथा पडून होता आणि थोरला, मित्रांनी उचलून घेतला असतानाही, मान वळवून त्याच्याकडेच बघत होता. यांनी टाळी वाजवली नाही. हात विजारीच्या खिशात घालून उभे राहिले. यांना मुलांचे कौतुक तोंडाने कधी जमलेच नाही. त्या पिढीच्या बापांना बहुधा जमत नसे. मात्र रात्री दोघे रुसून झोपल्यावर यांनी त्यांचे मातीने माखलेले बूट स्वतः पुसले आणि पडवीत शेजारी शेजारी ठेवून दिले. मी आतून पाहत होते.

यंदा आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. मांडीवर हेल्मेट, अंगावर कामाचा खाकी सदरा. भोवती एवढा गोंगाट, पण हे मात्र अगदी गप्प. थोड्या वेळाने यांनी हळूच विचारले, “मुलगा खेळतोय काय?”

“सात नंबर, काका. कॉलेजात शिकतोय. आईला सांगितलंय, अभ्यासाला बसलोय म्हणून.”

त्यानंतर यांच्यासाठी मैदानावर सात नंबरखेरीज कोणी उरले नाही. तो पडला की हे पुढे झुकत, त्याने चेंडू पुढे काढला की यांची मूठ वळे. त्या गृहस्थांनी पुढे केलेले भडंग डॉक्टरांची आठवण ठेवून यांनी चार दाणेच घेतले, हे सांगितले पाहिजे. शेवटची काही मिनिटे उरली असताना सात नंबरला मोकळी जागा सापडली. यांचा श्वास भराभर चाललेला पाहून मी नाडी पाहण्यासाठी मनगट धरले.

“अहो, दमलात का? निघायचं का?”

“दडपण नाही, काही नाही,” मनगट सोडवून घेत हे म्हणाले, “जरा बाजूला हो, पोरगं दिसत नाही.”